पत्र्याखालचा हिवाळा : निफाड तालुक्यातील एका घराचा प्रकरण अभ्यास

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका द्राक्षांसाठी जितका ओळखला जातो, तितकाच तो थंडीसाठीही ओळखला जातो. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील किमान तापमानाचा आकडा वर्तमानपत्रांत ठळक छापला जातो, आणि तो पाच अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की बागायतदारांची झोप उडते. मण्यांची फुगवण थांबू नये, पक्व होत आलेले मणी तडकू नयेत, म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवल्या जातात आणि ठिबकने पाणी सोडून जमिनीतील ऊब वर आणण्याचा प्रयत्न होतो. त्याच पहाटे त्याच शेतकऱ्याच्या घरात, पत्र्याच्या छताखाली, म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले किती अंशांत झोपलेली आहेत, याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. जी काळजी घडांची घेतली जाते तीच, आणि तितक्याच कमी खर्चात, घरातल्या माणसांची घेता येते, असे माझे ठाम मत आहे, आणि ते माझ्या मावशीच्या घरी एका हिवाळ्यात जे घडले त्यावरून झालेले आहे.

घर आणि घरातली माणसे

घर गावाबाहेर मळ्यात आहे. झोपण्याची एक खोली, तिला लागून स्वयंपाकघर, पुढे ओटा. भिंती नऊ इंची विटांच्या, आतबाहेर सिमेंटचा गिलावा, खाली शहाबादी फरशी आणि वर लोखंडी अँगलवर टाकलेला पन्हळी पत्रा. झोपण्याची खोली साधारण बारा फूट बाय चौदा फूट आहे. तिच्यात सत्तरी ओलांडलेली मावशी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे झोपतात. मावशीला दम्याचा त्रास आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, कोरड्या गार हवेने श्वासनलिका आवळतात, त्यामुळे अशा माणसासाठी गारठा ही नुसती गैरसोय नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंडी पडणाऱ्या प्रदेशांत घरातील तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये असे सुचवले आहे. मावशीच्या खोलीत पहाटे पाच वाजता, बाहेर सात अंश असताना, तापमापकावर जेमतेम दहा अंश दिसत होते.

आपल्याकडे थंडीची लाट ठरते ती बाहेरच्या तापमानावरून. हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असावे लागते आणि ते सरासरीहून किमान साडेचार अंशांनी कमी असावे लागते. निकष योग्यच आहे, परंतु तो घराच्या आत काय चालले आहे ते सांगत नाही. पत्र्याच्या घरात लाट नसलेल्या रात्रीही लाटेइतकेच थंड असू शकते.

याचे कारण पत्राच आहे. सिमेंटचा स्लॅब किंवा कौलारू छत दिवसाचे ऊन काही काळ तरी साठवून ठेवते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला साठवण्याची क्षमताच नसते, आणि निरभ्र रात्री तो आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतो. ढग असतील तर ते त्यातली बरीचशी परत पाठवतात, पण निफाडची थंडी बहुतेक वेळा स्वच्छ आभाळाचीच असते. त्यामुळे पहाटेपर्यंत पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. पाच माणसांच्या श्वासातील बाष्प त्याला खालून लागते आणि त्याचे पाणी होते. घरातले लोक याला पत्र्याला घाम येणे म्हणतात. हे थेंब पहाटे चारच्या सुमारास टपकायला लागत, गोधड्या वरून ओल्या होत, आणि ओली गोधडी अंगावर असणे हे नसल्यापेक्षा फारसे बरे नसते.

आधी केलेले दोन उपाय

आदल्या हिवाळ्यात मुलाने तालुक्याच्या गावाहून एक हीटर आणला होता. दोन हजार वॅटचा. तो तासाला दोन युनिट वीज घेतो, म्हणजे रात्रीचे आठ तास चालवला तर १६ युनिट आणि महिन्याचे ४८० युनिट. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे चढते असतात, शंभर युनिटनंतर दर वाढतो आणि तीनशेनंतर आणखी वाढतो, त्यामुळे वापर चौपट झाला की बिल चौपटीहून जास्त होते. एवढे करून खोली फारशी गरम झालीच नाही. उघड्या पत्र्यातून दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशामागे, सुमारे सात वॅट उष्णता निघून जाते. या खोलीवरचा पत्रा सोळा चौरस मीटरचा आहे. आतील तापमान बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी जास्त ठेवायचे तर एकट्या पत्र्यासाठीच अकराशे वॅट खर्ची पडतात, भिंती आणि फटी वेगळ्या. हीटर आकाश तापवत होता आणि त्याचे पैसे घर भरत होते. पहिले बिल आले आणि हीटर माळ्यावर गेला.

त्यानंतर जे केले गेले ते अधिक गंभीर होते. लोखंडी घमेल्यात कोळसा पेटवून, तो लाल झाला आणि धूर थांबला की ते घमेले खोलीत आणून ठेवायचे आणि दार लावून घ्यायचे, असे काही रात्री चालले. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज आपल्या खेड्यांत फार खोलवर रुजलेला आहे. प्रत्यक्षात निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. सकाळी मावशीचे आणि सुनेचे डोके ठणकत असे, मळमळत असे, आणि ते थंडीचेच लक्षण समजून त्या सुंठीचा काढा घेत होत्या. बाहेर ओट्यावर आल्यावर तासाभरात बरे वाटते, असे सून बोलता बोलता म्हणाली आणि त्या एका वाक्यावरून सारे स्पष्ट झाले. घमेले त्याच दिवशी बंद केले. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतील अंगीठीने कुटुंबेच्या कुटुंबे दगावल्याच्या बातम्या येतात. पेटती चूल, शेगडी, कोळशाचे घमेले किंवा गॅसची शेगडी झोपण्याच्या बंद खोलीत उबेसाठी वापरू नये, हे मी इथे जितक्या जोराने सांगता येईल तितक्या जोराने सांगतो. या लेखातले बाकी काहीही विसरले तरी चालेल.

छत आणि फटी

पाच माणसे झोपलेली असताना त्यांच्या शरीरांतून मिळून साधारण साडेतीनशे ते चारशे वॅट उष्णता खोलीत येत असते. मोठे माणूस झोपेत सत्तर-ऐंशी वॅट देते, मूल त्याहून थोडे कमी. म्हणजे घरात एक लहान हीटर रात्रभर फुकट चालू होता, फक्त त्याची ऊब टिकत नव्हती. नवी ऊब आणण्याऐवजी असलेली धरून ठेवायची, असे ठरले आणि पहिले काम अर्थातच छताचे झाले.

पत्र्याखाली सुमारे चार इंचांवर अँगलला बांधून तारा ताणल्या आणि त्यांच्यावर एका बाजूला चकचकीत पन्नी असलेला पाच मिलिमीटर जाडीचा फोमचा गुंडाळा पसरला, पन्नीची बाजू वर पत्र्याकडे. इथे खरे काम फोमपेक्षा त्याच्या आणि पत्र्याच्या मधल्या स्थिर हवेच्या थराचे असते. हवा अडकून राहिली की ती उष्णतेला फार सावकाश पुढे जाऊ देते, आणि पन्नी गार पत्र्याकडे होणारे उत्सर्जन बरेच कमी करते. फोम पत्र्याला चिकटवून टाकला असता तर हा फायदा गेला असता. सांधे चिकटपट्टीने बंद केले आणि कडा भिंतीला लाकडी पट्टीने दाबल्या, कारण श्वासाची दमट हवा वर जाऊन पत्र्याला लागली तर तिथे पुन्हा पाणी होते आणि ते फोमवर साचते. हिशेबाने छतातून जाणारी उष्णता चौथ्या भागाच्या आसपास आली. टपकणे पहिल्याच रात्री थांबले.

फोम पेट घेतो, याचा विचार आधी केला पाहिजे. म्हणून स्वयंपाकघरावर तो टाकलाच नाही, आणि झोपण्याच्या खोलीतील उघडी वायर पट्टीत घालून छतापासून दूर, भिंतीवरून नेली. बारदान शिवून त्याचे छत करण्याची सूचना शेजाऱ्यांनी केली होती. ते स्वस्त पडले असते, पण त्यात उंदीर घर करतात, धूळ साचते, आणि दम्याच्या रुग्णाच्या डोक्यावर धुळीचा साठा टांगणे मला पटले नाही. शिवाय फोमच्या छताचा फायदा एप्रिल-मेमध्येही आहे. तेव्हा तोच पत्रा दुपारी हात लावता येणार नाही इतका तापतो आणि त्याची धग खाली झोपलेल्यांवर पडते.

दुसरी गळती पन्हळीची होती. भिंतीच्या वरच्या कडेवर पन्हळी पत्रा टेकतो तिथे प्रत्येक पन्हळीखाली मूठ जाईल एवढी पोकळी राहते, आणि अशा पोकळ्या खोलीच्या दोन्ही बाजूंना होत्या. उत्तरेचे वारे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होते. या पोकळ्या सिमेंट-वाळूच्या मालाने बुजवल्या. दाराच्या खालच्या फटीसाठी सुनेने जुन्या लुगड्याच्या कापडात चिंध्या भरून दाराच्या लांबीची वळकटी शिवली, ती रात्री आतून लावून ठेवायची. उत्तरेच्या खिडकीला आतून पारदर्शक प्लास्टिक ठोकले. मात्र दक्षिणेच्या भिंतीत वर एक वीतभर झरोका मुद्दाम मोकळा ठेवला. पाच माणसांच्या खोलीला हवा लागतेच, आणि घर इतके बंद करायचे नसते की सकाळी उठल्यावर डोके जड व्हावे. दक्षिणेची खिडकी सकाळी अकरापासून उघडी ठेवून ऊन फरशीवर आणि समोरच्या भिंतीवर घ्यायचे आणि साडेचारच्या आत ती लावून टाकायची, हा क्रम मावशीने स्वतःकडे घेतला. विटांची भिंत हे ऊन रात्री उशिरापर्यंत हळूहळू परत देते.

अंथरूण

छतानंतर सर्वांत मोठा फरक खालून पडला, आणि याकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते. मुले जमिनीवर चटई आणि सतरंजी टाकून झोपत. अंगावर तीन गोधड्या असूनही पहाटे ती कुडकुडत. शहाबादी फरशी दगडाची, अंगाची ऊब ती शोषून घेत राहते, आणि अंगाखाली दबलेल्या कापडातील हवा निघून गेल्यामुळे ते जवळजवळ निरुपयोगी होते. पांघरुणाची संख्या वाढवून हा तोटा भरून निघत नाही.

उपाय पॅकिंग शेडमध्ये सापडला. द्राक्षे भरण्याची पुठ्ठ्याची खोकी तिथे असतात. फाटकी, छपाई बिघडलेली खोकी बाजूला पडून असतात. ती उलगडून सपाट केली आणि फरशीवर दोन थरांत अंथरली, खालच्या थराच्या नळ्या उभ्या आणि वरच्याच्या आडव्या, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमधली नागमोडी पट्टी अंगाच्या वजनानेही चटकन चपटी होत नाही, त्यामुळे तिच्यातली हवा टिकते. त्यावर सतरंजी, त्यावर एक गोधडी. पुठ्ठा ओलसर लागू लागला की बदलायचा. सकाळी भिंतीला उभा करून ठेवला तर पुष्कळ दिवस पुरतो. मावशी बाजेवर झोपते. बाजेखालून गार हवा फिरत असल्याने तिच्याही खाली एक जाड गोधडी हवीच, हे समजावून सांगावे लागले, कारण सगळी चांगली पांघरुणे अंगावर घेण्याची रीत आहे.

घरात गोधड्या भरपूर होत्या. आजेसासूच्या हातची, धावदोऱ्याने शिवलेली, आत लुगड्यांचे थर असलेली एक गोधडी वजनाने जड होती पण वर्षानुवर्षे ट्रंकेत दाबून राहिल्याने चपटी पडली होती. दोन-तीन दिवस कडक ऊन दिल्यावर आणि काठीने झोडपल्यावर ती उघड दिसण्याइतकी फुगली. कापडातील ओल निघून गेली की थरांमध्ये पुन्हा हवा शिरते, आणि उबेचे काम ती हवाच करते. गोधडीवर घोंगडी घ्यायची, हा जुन्या लोकांचा क्रमही योग्य आहे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी अंगाला टोचते, म्हणून ती वर. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतके बाष्प घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि दवाच्या प्रदेशात हा गुण मोलाचा आहे.

मावशीच्या पायांसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली. दोन लिटर पाणी साठ अंशांवरून पस्तीस अंशांपर्यंत निवते तेव्हा ते सुमारे ०.०६ युनिट विजेइतकी ऊब देते. आकडा लहान आहे, पण ती सारी ऊब जिथे हवी तिथे, पांघरुणाच्या आत मिळते. उकळते पाणी भरायचे नाही, पिशवी कापडात गुंडाळायची, आणि झोपण्याआधी अर्धा तास अंथरुणात ठेवून मग पायांपासून थोडी दूर सरकवायची. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी ती अंगाला लावून झोपूच नये. भाजल्याचे त्यांना कळत नाही.

अंगावरचे कपडे, आंघोळ आणि रात्रपाळीचे पाणी

कपड्यांबाबत फार सांगण्यासारखे नाही. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे, कानटोपी आणि पायमोजे झोपतानाही घालावेत. अंगातील निम्मी उष्णता डोक्यातून जाते असे जे सांगितले जाते ते खरे नाही, पण रात्री पांघरुणाबाहेर राहणारा भाग डोकेच असल्याने कानटोपीचा उपयोग जाणवतो. बाजरीची भाकरी, तीळ-गूळ, हुलग्याचे माडगे घरात होतेच. पोटभर जेवलेले शरीर पचनातून ऊब निर्माण करते, म्हणून रात्रीचे जेवण टाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जास्त थंडी वाजते. दारूने ऊब येते हा समज घातक आहे. ती त्वचेतील रक्तवाहिन्या सैल करते, माणसाला गरम वाटते आणि प्रत्यक्षात शरीर आतून निवत जाते.

मावशीची आंघोळ पहाटे पाचची होती. ती दुपारी बारावर आणणे हे सर्वांत कठीण काम ठरले, कारण आंघोळीशिवाय देवपूजा नाही आणि पूजेशिवाय चहा नाही. अखेर हिवाळ्यापुरते हातपाय धुऊन पूजा करायची आणि आंघोळ उन्हात, असे तिने स्वतःच ठरवले. पाणी तापवण्यासाठी विजेचा रॉड होता. वीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून चाळीसवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागते, पाच जणांचे मिळून रोज तीन युनिट. अंगणात पडून असलेला तांब्याचा बंब घासून पुन्हा वापरात आणला. त्याला जळण म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीत, म्हणजे द्राक्षांच्या काढणीनंतरच्या छाटणीत, निघालेल्या द्राक्षाच्या काड्या होत्या. डिसेंबरपर्यंत त्या खडखडीत वाळतात आणि बांधावर पडून असतात किंवा तिथेच जाळल्या जातात. बंब उघड्यावर आहे, त्यामुळे धूर घरात येत नाही.

मावसभावाचा प्रश्न वेगळा होता. शेतीपंपाची वीज काही दिवस रात्रीची असते, तेव्हा त्याला बागेत थांबावे लागते, आणि तिथे पाय ओले झाले की थंडी आवरत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओला सुती मोजा पायाला थंडगार पट्टी बांधल्यासारखाच असतो. गमबूट, लोकरीचे मोजे आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत, एवढ्यावर त्याचे भागले. शेकोटीजवळ बसताना पाठीवर घोंगडी असावी, कारण समोरून शेकत असताना पाठीमागून ऊब जातच असते.

काय साधले आणि काय राहिले

हे सारे काम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाले. छताचा फोम, तारा, पट्ट्या, रबरी पिशवी आणि सिमेंट यांचा एकूण खर्च हीटरमुळे आलेल्या त्या वीजबिलापेक्षा कमी आला. बाकीचे सामान घरातले किंवा शेडमधले होते. जानेवारीत बाहेर सात अंश असलेल्या पहाटे खोलीत चौदा अंशांच्या आसपास दिसले. म्हणजे १८ अंशांचे मार्गदर्शक प्रमाण गाठले गेले नाही, आणि मजुरांच्या वस्तीवरील याहून साध्या घरांत ते गाठणे आणखी कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. पण अंथरुणाच्या आत मावशीला पुरेशी ऊब मिळू लागली, पांघरुणे कोरडी राहिली, आणि रात्रीचा खोकला कमी झाला. दम्याचा पंप मात्र डॉक्टरांनी सांगितला तसाच चालू आहे. घर उबदार झाले म्हणून औषध कमी करायचे नसते. रक्तदाब थंडीत आणि उन्हाळ्यात वेगळा असतो, म्हणून डिसेंबरात एकदा तो पुन्हा मोजून गोळीचे प्रमाण विचारून घेतले.

पश्चिमेची भिंत अजून गार लागते. तिच्यावर दुपारी शेवग्याची सावली पडते, त्यामुळे ती तापतच नाही, आणि मुलांची अंथरुणे नेमकी तिला लागून आहेत. ती वीतभर अलीकडे ओढली आहेत. पुढच्या ऑक्टोबरात, गोडी छाटणीच्या, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीच्या, धावपळीआधी, त्या भिंतीला आतून फळ्यांची चौकट मारून मागे पुठ्ठ्याचे थर भरायचे आणि शेवग्याच्या फांद्या छाटायच्या, असे ठरले आहे.